गोटीरामांचं तिशीतलं काळीज

सारसोळ्यात पूर्वी माणसाच्या काळजाकडे दोनच वेळा लक्ष जायचं. वादळात होडी परतायला उशीर झाला म्हणजे, नाहीतर घरात कुणाचं लग्न ठरत असलं म्हणजे. एरवी ते छातीत आपलं आपण चालत असे आणि त्याची चौकशी करणं कुणाला सुचत नसे. शेवंताबाई या गावात लग्न होऊन आल्या तेव्हा पाम बीच रोड नव्हता, नेरूळला स्टेशन नव्हतं, आणि भरतीचं पाणी मागच्या अंगणाला टेकून जायचं. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्या बेलापूरपर्यंत चालत जात. परत आल्यावर सासू पाटी रिकामी झाली का एवढंच बघायची. वाटेत ठोके किती पडले हे तिने कधी विचारलं नाही.

आता गावातल्या प्रत्येक पुरुषाच्या मनगटावर घड्याळ होतं, आणि ते वेळ सोडून बाकी सगळं सांगत होतं.

याला निमित्त झाला नामदेव. गेल्या वर्षी चैत्रात गावदेवीची पालखी निघाली, तेव्हा मागच्या दांडीला खांदा दिलेला नामदेव सिग्नलपाशी चक्कर येऊन पडला. आदल्या रात्री भाच्याच्या हळदीत तो पहाटेपर्यंत नाचला होता आणि सकाळी उपाशीपोटी दांडीखाली शिरला होता. हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. पण पालखी समितीची बैठक बसली तेव्हा हळदीचा विषय कुणी काढला नाही, कारण बैठकीतले सगळेच त्या हळदीत होते. समितीने ठरवलं की नामदेवचं हृदय कमजोर आहे, आणि यापुढे ज्याचं हृदय पास होईल त्यालाच खांदा मिळेल.

पास-नापास करायचं काम केतनकडे आलं. केतन म्हणजे समितीचे अध्यक्ष हौसेराव यांचा पुतण्या. शेवंताबाई आणि त्यांचे यजमान गोटीराम यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याची जिम होती. शेवंताबाई गॅलरीत मासे निवडत बसल्या की खालची सगळी गंमत दिसायची. गावातली माणसं दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती गाडी काढून यायची, गाडी लावायला जागा नाही म्हणून भांडायची, मग आत जाऊन एका फिरत्या पट्ट्यावर टीव्हीकडे बघत चालायची, आणि चालून झालं की परत गाडीत बसून घरी जायची.

"एवरा चालायचाच हाय तं घरनं चालत का येत नाय रं?" त्यांनी एकदा केतनला विचारलं होतं.

"काकी, रस्त्यावरचं चालणं म्हणजे नुसतं चालणं," केतन म्हणाला. "हा वर्कआउट हाय."

गावदेवीच्या पालखीला खांदे चार, पण मान एकाच खांद्याचा. पुढची उजवी दांडी. ती गोटीरामांच्या घराकडे आजोबांपासून होती. त्यांच्या बापाने ती अर्धं आयुष्य वाहिली, आणि मग एका वर्षी त्याला दम्याचं औषध सुरू झालं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, औषधावरचा माणूस देवीला नको. म्हाताऱ्याने दांडी मुलाच्या खांद्यावर दिली, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला, आणि त्यानंतर तो पालखी बघायला कधी दारातसुद्धा आला नाही. गोटीराम तेव्हा ऐन पंचविशीत होते. आता सत्तरीला टेकले होते. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी एक नेम पाळला होता. डॉक्टरकडे जायचं नाही. गेलो तर औषध घ्यायचं नाही. आणि घ्यावंच लागलं तर त्याला औषध म्हणायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी छातीत जळजळतंय म्हणून शेवंताबाईंनी त्यांना ओढतच डॉक्टर गीतांजलींकडे नेलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, छातीचा कार्डिओग्राम काढून त्याची पट्टी वाचली, आणि समोर बसवून सांगितलं की जळजळ पित्ताची आहे, त्याची गोळी पंधरा दिवस. पण रक्तदाब वाढलाय आणि ठोके जोरात पडतायत, त्याची गोळी रोज आणि कायमची. गोटीराम मान डोलावत होते. कानाला फोन होता, आणि फोनवर पार्किंगचा तंटा चालू होता. डॉक्टरांच्या बोलण्यातलं 'पित्त' तेवढं त्यांनी उचललं. बाहेर येऊन म्हणाले, "गॅस हाय. मी बोललेलोच."

पित्ताची गोळी संपली, दुसरी चालू राहिली. शेवंताबाई रोज सकाळी चहाबरोबर ती त्यांच्या तळहातावर ठेवायच्या आणि ते 'गॅसची गोली' म्हणून गिळायचे. दोन-तीनदा शेवंताबाईंनी सांगायला तोंड उघडलं, आणि गोळी घशाखाली उतरताना बघून परत मिटलं. पोटात जातेय ना, मग नाव काही का असेना.

परीक्षेच्या दिवशी जिममध्ये लग्नाला जमावी तशी गर्दी झाली. केतनने भिंतीवर तक्ता लावला होता आणि त्याच्यापुढे उभं राहून तो समजावत होता. "माणूस पळाला की अंगाला रक्त जास्त लागतं. म्हणून हार्ट जोरात धावतं. दोनशे वीसमधून आपलं वय वजा करायचं, त्याच्यावर कुणी जायचं नाय. आनि जेवढं कमी धावेल, तेवढं ते तयारीचं."

पहिला मान अध्यक्षांचा. हौसेराव छातीला पट्टा बांधून मशीनवर चढले. सगळं गाव बघतंय, मोबाइल वर झालेत, आणि मागे भिंतीला त्यांचाच बॅनर. आकडा एकशे वीसवर गेला.

"हळू कर, हळू कर," हौसेराव दांडा धरून म्हणाले. "एकदम एवरा स्पीड कोन देतो?"

"काका," केतन खालच्या आवाजात म्हणाला, "मशीन अजून चालूच नाय केली."

हौसेराव तरीही पास झाले, कारण समितीने त्यांना दुसऱ्यांदा, दार लावून, मोबाइल बाहेर ठेवायला लावून चढवलं. बाकीच्यांचं बरं-वाईट चाललं होतं. मग गोटीराम चढले. पट्टा फिरू लागला, केतनने वेग वाढवला, चढ दिला. गोटीरामांचा सदरा पाठीला चिकटला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आकडा नव्वदीच्या पुढे जाईना. केतनने पडद्यावर टिचकी मारली. छातीचा पट्टा बदलला. आपला मोबाइल बंद करून चालू केला. आकडा तिथेच.

"काका," तो जवळजवळ हात जोडून म्हणाला, "हे तिशीतलं काळीज हाय. अॅथलीटचं असतं असं."

टाळ्या पडल्या. सगळे आकड्याकडे बघत होते. दारात उभ्या असलेल्या शेवंताबाई तेवढ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. गोटीरामांनी दोन्ही हातांनी दांडा आवळून धरला होता आणि तोंडाने श्वास घेत होते.

संध्याकाळी शेवंताबाई भाजीची पिशवी घेऊन निघाल्या आणि थेट डॉक्टर गीतांजलींकडे गेल्या. डॉक्टरांनी ऐकून कपाळाला हात लावला. "आजी, तिशीबिशी काही नाही. ती गोळी हृदयाचा लगाम ओढून धरते. माणूस कितीही दमला तरी ठोके फार वाढू देत नाही, तेच तिचं काम आहे. आकडा कमी दिसतो, दमणूक कमी होत नाही. आणि एक लक्षात ठेवा, ती एकदम बंद करायची नाही. लगाम अचानक सुटला की घोडं उधळतं."

पण गावात घोडं आधीच उधळलं होतं. जिमच्या बाहेर फलक लागला. गोटीरामांचा फोटो, त्याच्या छातीवर लाल बदाम, खाली 'सारसोळ्याचे तरुण हृदय', आणि त्याखाली जिमची फी. देवळात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. हौसेरावांनी माइक पुढे करत विचारलं, "शेट, या वयात हे कसा जमवला? गावच्या पोरांना सांगा."

गोटीरामांनी घसा साफ केला. "तांदलाची भाकरी," ते म्हणाले. "सुकी मच्छी. आनि सकाली चायसंगं एक गॅसची गोली."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाक्यावरच्या मेडिकलमधल्या पित्ताच्या गोळ्या संपल्या. आठवडाभर सगळं गाव गॅसची गोळी खाऊन पट्ट्यावर चाललं. ठोके कुणाचेच कमी झाले नाहीत. "पण आई, जिमसमोरून जाताना आता नाक धरावं लागत नाही," नमिता म्हणाली. नमिता म्हणजे सून. मुलगा भगवान जहाजावर नोकरीला होता, आणि ती ऐरोलीला कंपनीत जायची. तिला गोळीचं खरं नाव माहीत होतं, आणि सासूबाई जेवढं बोलतील तेवढंच बोलायची तिची रीत होती.

हौसेराव मात्र एक दिवस दारात आले. त्यांच्या मनात पुढची उजवी दांडी गेली कित्येक वर्षं होती. "वैनी, तुमची गोली कंच्या कंपनीची? आमाला गुण येत नाय."

"सगल्यांचीच ती," शेवंताबाई म्हणाल्या. "तुमाला गुण येनार कसा? तुमी जेवन झाल्यावर खाता. गोली उपाशी खायाची असते."

हौसेराव दोन दिवस सकाळचा नाश्ता सोडून फिरले आणि सगळ्यांवर खेकसले.

इथपर्यंत शेवंताबाईंना मजाच वाटत होती. मजा संपली ती केतन पावडरचा डबा घेऊन वर आला त्या दिवशी. डबा केवढा, तर पूर्वी त्यांच्या घरात तांदूळ ठेवायला तेवढा डबा नव्हता. "काका, तुमच्यासारख्या माणसानं केमिकल कला खायाचं? कशाला? ती गोळी बंद करा. हे दुधातून घ्या, व्हॅनिला हाय. यंदा पूर्ण रस्ता पुढची दांडी तुमी एकट्याने न्यायची. खांदा बदलायचा नाय. मी लाइव्ह आकडा दाखवतो गावाला."

दुसऱ्या सकाळी गोटीरामांनी तळहात पुढे केला नाही.

"नको मना. अॅथलीटला लागत नाय."

शेवंताबाईंनी गॅस बारीक केला आणि सरळ सांगून टाकलं. "ती गॅसची गोली नाय. बीपीची हाय, काळजाची. तीन वरसं झाली. डॉक्टरीन बायनं तुमच्यासमोरच सांगलेला, तुमी फोनवर पार्किंगसाठी भांडत होतात."

गोटीराम त्यांच्याकडे बघून हसले, लहान मुलाने भुताची गोष्ट सांगावी तसे. "शेवंते, मना बीपी असता तं या घड्यालाला कलला नसता?"

"त्या गोलीमुलंच घड्यालाला कलत नाय."

"म्हंजे घड्याल खोटा, मशीन खोटी, केतन खोटा, सगला गाव खोटा. एक तू खरी."

"हो."

"आनि मी गावासमोर उगाच शाल घेतली?"

शेवंताबाईंनी गोळी परत पाकिटात ठेवली. बीपीची गोळी म्हणजे औषध, आणि औषध म्हणजे दांडी गेली. एवढा हिशेब त्या माणसाच्या डोक्यात बापाच्या पाठीकडे बघून पक्का झाला होता. त्या दिवशी त्यांनी गोळी पोह्यांत कुस्करून घालावी असासुद्धा विचार केला. पण ज्याच्यासाठी करायचं त्याला अंधारात ठेवून किती दिवस करणार, असं वाटून पोहे तसेच वाढले. डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, "आजच्या आज घेऊन या." गोटीराम म्हणाले, "मी कला येऊ? मी फिट हाय."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी गोटीराम सोफ्यावर टीव्हीसमोर बसले होते, आणि घड्याळ थरथरलं. त्यांनी बघितलं. एकशे आठ. टीव्हीवर कुणीतरी वांग्याचं भरीत करून दाखवत होतं. त्यात एवढं काही नव्हतं. त्यांनी घड्याळ झटकलं, काढून सदऱ्याला पुसलं, परत घातलं. एकशे बारा. नमिताचं घड्याळ मागून घातलं. तेही तेच म्हणालं.

"छातीत कायतरी थरथरतय काय?" शेवंताबाईंनी विचारलं.

"पावडर काम करतय," गोटीराम म्हणाले, आणि हात शालीखाली घेतला. सत्काराचीच शाल होती.

संध्याकाळी केतन रोजच्यासारखा आकडा घ्यायला आला, तेव्हा काका झोपल्याचं त्याला दारातूनच सांगण्यात आलं. सांगणारे काका स्वतःच होते, आतल्या खोलीतून. केतन गेल्यावर गोटीराम उठून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. बराच वेळ मिठाची बरणी इकडची तिकडे केली.

"शेवंते. ती गॅसची गोली हाय काय घरात?"

"कला?"

"पोट जरा फुगल्यासारका वाटतय."

शेवंताबाईंच्या ओठांवर आलेलं हसू त्यांनी पदराआड ठेवलं. जे काळजासाठी घ्यायला माणूस तयार नव्हता, ते आकड्यासाठी मागायला आला होता. "हाय," त्या म्हणाल्या. "पन मधी बंद केली ना, आता उगाच कशी देऊ. पोट दाखवून येऊ आधी. चला, चप्पल घाला."

डॉक्टर गीतांजलींनी दार लावलं आणि पहिलं काम केलं ते गोटीरामांच्या हातातला फोन घेऊन खणात टाकण्याचं. मग पट्टी काढली, दाब बघितला, आणि तीन वर्षांपूर्वी सांगितलेलं सगळं पुन्हा एकदा सांगितलं. या वेळी फोन नसल्यामुळे गोटीरामांना ते ऐकावं लागलं. गोळी तिथेच, डॉक्टरांच्या टेबलावरच्या पाण्याने गिळली.

जिना उतरताना ते मधल्या पायरीवर थांबले. "हौसेरावला सांगशील?"

"नाय."

"समितीला?"

"तुमच्या पोटाचा विषय समितीपुढं मी कला नेऊ?"

गोटीराम कठड्याला टेकले. "बापूस आठवतो काय तुला? त्या दिवशी आला नि निजला. मी रात्री जेवाला उठवाला गेलो. मना बोलला, देवीला सांग मी मेलो." ते एक पायरी उतरले. "यंदाची एक पालखी नेऊ दे मना. मंग काय ती गोली गल्यात बांधून फिरन."

पुढच्या तपासणीला शेवंताबाई आधी एकट्या आत गेल्या आणि पालखीचं विचारलं. दाब आता आटोक्यात होता. डॉक्टरांनी कागद पुन्हा चाळले. "ओझं चौघांत वाटलेलं आहे, चाल सावकाश आहे, तर थोडं थोडं करायला हरकत नाही. पण विश्रांती घेत. आणि घड्याळाकडे बघू नका, ते खोटा धीर देईल. माणसाकडे बघा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. एकेक शब्द तोडून बोलायला लागले की थांबवायचं, बसवायचं, दम जाईपर्यंत उठू द्यायचं नाही. छातीत दुखलं तर लगेच मला फोन."

"बोलतं ठेवायाचा ना? ते मी करन," शेवंताबाई म्हणाल्या. "लग्नापासून तेच करतय. पन पालखी मधीच थांबवायाची कशी?"

"ते तुमच्या गावचं. मला कसं माहीत असणार?"

ते गावचं होतं, आणि शेवंताबाईंना माहीत होतं. पूर्वी पालखी दारोदार थांबायची. दारातली बाई ताट घेऊन पुढे झाली की पालखी पाटावर टेकवायची, खांदेकऱ्यांना बसवून त्यांच्या पायांवर पाणी घालायचं, देवीची ओटी भरायची. आणि त्या घरच्या बाईने 'न्या' म्हटल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही. मग घरांच्या इमारती झाल्या, बायका तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर गेल्या, समितीने वेळापत्रक छापलं. पालखीचे थांबे तीनच उरले: अध्यक्षांचं दार, नगरसेवकाचं ऑफिस आणि केतनची जिम. बायका गॅलरीतून फुलं टाकायच्या. ती रीत मोडली मात्र कुणी नव्हती. ती फक्त लिफ्टने खाली उतरायची राहिली होती.

शेवंताबाई आठवडाभर इमारतीमागून इमारत फिरल्या. गोळीचं नाव कुठेही काढलं नाही. फक्त म्हणाल्या, "देवी आपल्या दारावरनं आपल्याला न बगता जाते, बरा दिसतं काय?" सगळ्यात आधी तयार झाली जाईबाय, त्यांच्याबरोबर बेलापूरला पाटी घेऊन जाणारी. तिने एकच विचारलं. "थांबवायाची किती येल?"

"मी हात वर करन. तवा ये. मी बोट दाखवन, तवा 'न्या' बोल."

जाईबायने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, आणि ताट घासायला काढलं.

पालखीच्या दिवशी सकाळपासून ऊन तापलं होतं. पुढे बँजो, मागे गुलाल, आणि बाजूने स्कूटरवर उलटा बसलेला केतन, हातात टॅब. चारही खांदेकऱ्यांचे आकडे त्यावर नाचत होते. पुढच्या डाव्या दांडीला हौसेराव, उजव्या दांडीला गोटीराम. आणि गोटीरामांच्या कोपराला लागून, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, शेवंताबाई.

"होडी विकली तवा मना विचारला होता काय तुमी?" देऊळ मागे पडताच त्यांनी सुरुवात केली.

गोटीरामांनी दचकून बघितलं. "आता? ते आता काढतेस? होडी विकून तीस वरसं झाली."

"तीस होऊ दे नायतर साठ. माज्या बापानं दिलेली होडी."

"तुज्या बापानं दिली तवाच ती गलत होती. सगल्या गावाला ठाव हाय. मी तिच्यात बसून मासं नाय पकरलं, पानी उपसला नुसता."

वाक्य लांब होतं आणि खणखणीत होतं. शेवंताबाईंना बरं वाटलं. त्यांनी होडी सोडून गोटीरामांनी आपल्या बहिणीच्या नवऱ्याला फुकट दिलेला पापलेट काढला. पापलेटावरून दिराच्या लग्नातलं मानपान काढलं. मागचे खांदेकरी हसू लागले. हौसेराव म्हणाले, "वैनी, देवीच्या पालखीत भांडता?"

"देवी ऐकतेय म्हनून तं खरा बोलतील," शेवंताबाई म्हणाल्या.

सिग्नलपाशी चढ लागला. "मंग पापलेट देताना माजी आठवन नाय झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली," गोटीराम म्हणाले.

"मंग?"

"दिला."

"कला दिला?"

"असाच."

"काका एकदम फ्रेश," केतन टॅब उंच धरून ओरडला. "ब्याण्णव. बघा, ब्याण्णव." गर्दीने टाळ्या दिल्या. गोटीरामांचे ओठ सुकले होते आणि नजर समोर कुठेच नव्हती. शेवंताबाईंनी हात वर केला.

फाटकातून जाईबाय ताट घेऊन बाहेर आली आणि थेट पालखीपुढे उभी राहिली. पालखी टेकली. खांदेकरी बसले. जाईबायने गोटीरामांच्या पायांवर पाणी घातलं, एक तांब्या, मग दुसरा. निरांजन लावायला घेतलं आणि लक्षात आलं की काड्यापेटी वरच राहिली. नात वर गेली. लिफ्ट दुसऱ्या कुणी अडवली होती. काड्यापेटी आली, तर खण राहिला होता.

"टायमिंग," हौसेराव घड्याळ दाखवत म्हणाले. "पोलिसांनी टायमिंग दिलंय आपल्याला."

"हौसेराव, देवीला घाई हाय, का तुमाला?" जाईबायने शांतपणे विचारलं. सगळं गाव ऐकत होतं, त्यामुळे हौसेरावांनी घड्याळाचा हात खिशात घातला.

गोटीराम पाणी प्यायले. हळूहळू कानांचा लाल रंग उतरला. "जाईबाय, तुजी नात काड्यापेटी आनाला गेली की माचिसच्या कारखान्यात कामाला लागली?" ते म्हणाले. शेवंताबाईंनी बोट दाखवलं. "न्या," जाईबाय म्हणाली.

असं किती वेळा झालं ते कुणी मोजलं नाही. कुणाकडे कुंकू सांडलं, कुणाचा नारळ फुटेना, एकीने अख्खी जुनी आरती म्हटली, तिची कडवी तिलाच आठवेनात आणि बायका दोन्ही बाजूंनी आठवून देऊ लागल्या. म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. पूर्वी अशीच जायची पालखी, असं जो तो म्हणू लागला. फक्त हौसेराव प्रत्येक थांब्याला अधिक तापत गेले, कारण खाडीवर त्यांचं भाषण ठेवलेलं होतं आणि ज्यांच्यासाठी ठेवलं ते पाहुणे निघून गेले होते. शेवटच्या वळणावर आणखी एक ताट पुढे आलं, तेव्हा केतनच्या टॅबने शिट्टी मारली.

"काका, एकशे अडुसष्ट. लिमिटवर गेलात. उतरा."

"मना काय झालं नाय," हौसेराव ओरडले. खरोखरच काही झालं नव्हतं, ते फक्त चिडले होते.

"रूल तुमचाच हाय काका. सही तुमची हाय."

अध्यक्षांना खुर्चीवर बसवून मीठ-साखरेचं पाणी पाजण्यात आलं, आणि त्यांच्या जागी नामदेव दांडीखाली शिरला. त्याचा आकडा विचारायचं त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही. त्याने यंदा नाश्ता केला होता. पालखी दुपार कलताना खाडीवर पोचली. गोटीरामांनी दांडी खाली टेकवली, पाण्याला हात लावून कपाळाला लावला, आणि शेवंताबाईंकडे न बघता म्हणाले, "पापलेट दोन दिलं होतं. एकच बोललो तुला तवा."

समितीच्या अहवालात यंदाची पालखी 'पूर्वापार प्रथेप्रमाणे घरोघरी थांबत' गेल्याचं आलं, आणि ती प्रथा अध्यक्षांनी पुनरुज्जीवित केल्याचंही आलं. केतनने जिमच्या फलकावर ब्याण्णवचा आकडा टाकला.

घरी आल्यावर गोटीराम खाटेवर आडवे झाले. भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून. नमिताने पंखा वाढवला. शेवंताबाई चहा ठेवायला आत गेल्या.

"भगवानला पुढल्या वरसी चैत्रात रजा घ्यायला सांग," खाटेवरून आवाज आला. "दांडी त्याला देन. मी दारात बसन ताट घेऊन."

"ताट बायका घेतात."

"मंग तू घे, मी नुसता बसन," गोटीराम म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज चढत गेला. "पन एक सांगून ठेवतो, शेवंते, आख्ख्या गावासमोर देवळापासून खाडीपतूर होडी काय, पापलेट काय, माज्या भावाच्या लग्नातला मानपान काय, एवरी माजी अब्रू काढलीस की आता मना नाक्यावर चाय प्याला जायाची सोय नाय ठेवलीस, आनि ती जाईबाय, तिला काड्यापेटी सापरत नाय तं ओवालायला कला येते..."

चहा उकळून वर आला होता. शेवंताबाईंनी गॅस बंद केला आणि गाळणं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. वाक्य अजून संपलं नव्हतं.